गॅसवरची गाडी

मला थक्क व्हायला फारसं काही लागत नाही. टाचणीला टोक कोण काढत असेल, या विचारात मी विमा कचेरीतली अख्खी दुपार घालवलेली आहे. "तोंड मिटा, माशी जाईल," हे वाक्य बायकोनं मला इतक्या वेळा ऐकवलंय की आता ती नुसती माशी शोधल्यासारखं इकडेतिकडे बघते आणि मी तोंड मिटतो. पण आमच्या जुन्या पिकअपच्या एसीत गॅस भरला त्या आठवड्यात तोंड मिटायची सोयच उरली नाही.

"अहो," बायको म्हणाली, "शनिवारच्या आत गाडीचा एसी चालू झाला पाहिजे."

पिकअप माझ्या नावावर, पण खरी तिची. ती बिस्किटं करते, पिकअपमधून मैद्याची पोती आणते आणि बिस्किटांचे खोके दुकानांना पोचवते. गाडी चालवते तीच. मी शेजारी बसतो आणि खड्डा येऊन गेला की खड्डा होता असं सांगतो. एसीचं म्हणाल तर गाडीला एसीचं बटण होतं. ते दाबलं की हिरवा दिवा लागे, आणि दिवा लागला की इंजिनाची सगळी ऊब आमच्या तोंडावर येई. थंडीच्या दिवसांत आम्हाला त्याचं कौतुकच होतं.

"इतके दिवस चाललंच की त्याच्यावाचून," मी म्हणालो.

"इतके दिवस मशीन न्यायचं नव्हतं."

मशीन आतल्या खोलीत, जाड पडद्याआड, पंख्याखाली उभं होतं. शिवणाचं मशीन, हातानं चाक फिरवायचं, जुन्या घाटाचं, आणि नखशिखांत चॉकलेटचं. रीळ पांढऱ्या चॉकलेटचं, सुई साखरेच्या पाकाची ओढून काढलेली. चाक फिरवलं की ती सुई खरोखर खालीवर होई. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी खाली बसलो. खुर्ची होती म्हणून बरं.

ते मशीन सासूबाईंचं. म्हणजे खरं मशीन त्यांचं, लोखंडाचं, आजही त्यांच्या खाटेला टेकून उभं असलेलं. सासूबाई आमच्याकडेच असतात. नवरा लवकर गेला, आणि त्या मशीनवर लोकांचे कपडे शिवून त्यांनी लेकीला वाढवलं. लेकीनं आता त्यातला एकेक स्क्रू चॉकलेटात उतरवला होता. सासूबाईंनी चष्मा लावून पाहणी केली आणि इतकंच म्हणाल्या, "दोऱ्याची चकती उलटी बसलीय." बायकोनं ती निमूटपणे काढून पुन्हा केली.

गेल्या वर्षी तिनं मिठाईकारांच्या प्रदर्शनात चॉकलेटचं व्हायोलिन नेलं होतं. टॅक्सीनं. भर उन्हाळ्यात. टेबलावर पोचेपर्यंत त्याचं जे झालं होतं त्याला परीक्षकांनी काय म्हणावं हे ठरेना, म्हणून तिच्या नावापुढे नुसतं "उपस्थित" असं लिहिलं. तिनं तिथल्याच नळावर ट्रे धुतला आणि घरी आली. त्यानंतर हे मशीन घडेपर्यंत घरात फक्त बिस्किटं झाली, आणि यंदाचं प्रदर्शन या शनिवारी होतं.

"हेही वितळलं तर साचे कुणालातरी देऊन टाकीन," ती ट्रेला लोणी लावता लावता म्हणाली. "बिस्किटं आहेतच की. बिस्किटं काय, खपतात."

ती आदळआपट करते तेव्हा मला काही वाटत नाही. ती अशी शांतपणे बोलली की मात्र मी धावाधाव करतो. मी लगेच चपला घातल्या.

"कुठं निघालात, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"गाडीचा एसी रिचार्ज करायचाय."

"मग त्याला बाहेर कशाला जायचं? माझ्या फोनचं तुम्ही इथं बसूनच करता ना?"

सुट्या भागांच्या दुकानात मी गाडीचं वय सांगितलं. दुकानदार माझ्याकडे, मी माझ्या पणजोबांसाठी शाळेचा दाखला मागायला आल्यासारखं, पाहत राहिला. मग म्हणाला, "हिच्यात जो गॅस होता तो आता बनत नाही. बंद केलाय. जगभर."

"जगभर? का?"

त्यानं बोट वर केलं. मी छताकडे पाहिलं. पंखा होता. "त्याच्या वर," तो म्हणाला. "आभाळावर एक पापुद्रा असतो, ऊन गाळून सोडणारा. तुमच्या गाडीतला गॅस गळून तिथं जातो आणि त्याला खातो. भोक पाडलंय भोक."

मी रस्त्यावर आलो आणि बराच वेळ आभाळाकडे बघत उभा राहिलो. विमा कचेरीत ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, त्या माझ्या नावावरच्या गाडीनं आभाळाला भोक पाडलं होतं. एवढी मोठी गोष्ट आमच्या घराण्यात कुणाच्या हातून झालेली नाही. लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण जरा उशिरा. शेवटी दुकानदारानंच मला आत बोलावून नव्या, निरुपद्रवी गॅसचे डबे, एक नळी आणि जुन्या तोंडाला नवी नळी जोडायचा एक पितळी तुकडा दिला. "घरच्या घरी होतं," तो म्हणाला. हे वाक्य ज्यानं ज्यानं मला आजवर ऐकवलं, त्याच्या घरी ते कधीही झालेलं नाही.

इथवर सगळं माझ्या हातात होतं. माती मी खाल्ली ती सौजन्यापायी. इमारतीच्या आवारात काम करायचं तर शेजाऱ्यांना कल्पना द्यावी, म्हणून मी इमारतीच्या ग्रुपवर शुद्ध भाषेत निवेदन टाकलं: "उद्या सकाळी आवारात माझ्या पिकअपमध्ये गॅस भरण्याचे काम होईल. थोडा आवाज व वास येण्याची शक्यता आहे. सहकार्य करावे."

आपल्या भाषेत एकाच शब्दाला किती कामं करावी लागतात, याची मला तोवर कल्पना नव्हती. स्वयंपाकघरात पेटतो तोही गॅस, पोटात होतो तोही गॅस, गाडी ज्यावर चालते तोही गॅस, आणि माणूस काळजीत पडला की तोही गॅसवरच. अर्ध्या तासात अख्खी इमारत गॅसवर होती. तळमजल्यावरच्या वहिनी मुलांना घेऊन माहेरी निघाल्या. समोरच्यांनी आपली स्कूटर पार गल्लीच्या टोकाला नेऊन लावली. कुणीतरी विचारलं, "पोटाचं औषध घेऊन जमणार नाही का?" त्यावर अंगठे किती आले ते मी पाहिलं नाही.

सेक्रेटरी स्वतः वर आले. ते पायजम्यावर असले तरी खिशाला पेन असतं.

"गाडी गॅसवर घेताय?"

"गाडी नाही हो, एसी."

"एसी गॅसवर?" त्यांचा आवाज चढला. "लहान मुलं खेळतात खाली! अग्निशमन केंद्राची परवानगी आणा. त्याशिवाय झाकण उघडायचं नाही."

"अहो, हा गॅस पेटत नाही."

"हे तुम्ही म्हणता. गॅसनं म्हटलंय का?"

मी कचेरीतून सुटी घेऊन अग्निशमन केंद्रात गेलो. अधिकारी सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याला परवानगी लागत नाही."

"मग तसं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"परवानगी लागत नाही, असं."

"ज्याला परवानगी लागत नाही ते आमच्या अखत्यारीत येत नाही. जे आमच्या अखत्यारीत येत नाही त्याबद्दल आम्ही लिहीत नाही."

हे इतकं बिनतोड होतं की मला त्यांचा राग येईना. मी चहा संपवला. खाली लाल बंब उभा होता. त्याची शिडी कुठवर जाते ते विचारलं, त्यांनी ती मुद्दाम वर काढून दाखवली, आणि ती वर जाताना पाहून मी काय कामाला आलो होतो हेच विसरलो. परतल्यावर सेक्रेटरींना सांगितलं, "अधिकाऱ्यांनी शिडी वर काढून दाखवली." याचा अर्थ काय हे त्यांना कळलं नाही, मलाही सांगता आला नसता, पण त्यात काहीतरी सरकारी वजन असावं. ते म्हणाले, "मग ठीक आहे. पण फाटकाबाहेर."

शुक्रवारी सकाळी फाटकाबाहेर मी बॉनेट उघडलं. वरच्या मजल्यावरचे काका आधीच हजर होते. काका आयुष्यभर पुलांचे इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांना पूल मिळत नाहीत, म्हणून मिळेल त्यात बोट घालतात.

"पूल काय, एसी काय, तत्त्व एकच," ते म्हणाले. "ताण. ही दोन टोपणं बघा. एकावर एल आहे, एकावर एच. एल म्हणजे लेफ्ट."

"आणि एच?"

काकांनी टोपण चाचपून पाहिलं. "हॉट. ते गरम बाजूचं. आपल्याला थंड करायचंय, म्हणजे गरम बाजूलाच भरायला हवं. रोग असेल तिथं औषध."

यात मला तेव्हा कुठंही खोट दिसली नाही. मी एचवर नळी बसवायला लागलो. ती बसेना. पितळी तुकडा लावला, बसेना. काकांनी "ताण द्या, ताण!" म्हणत माझ्या हातावर हात ठेवला. दोघांनी मिळून जोर लावला, तशी नळी निसटली आणि हातातल्या डब्यानं फुस्स करून सगळा गॅस माझ्या बाहीत सोडला. पांढरा धूर उठला. फाटकाआडून बघणारी मंडळी जिन्याकडे पळाली. मी मात्र जागचा हललो नाही, कारण डब्यावर, भर उन्हात, माझ्या बोटांदेखत हिम धरत होतं! टिचभर पत्र्याच्या डब्यातून हिवाळा बाहेर आला होता. "काका, बघा, बघा!" मी ओरडलो. काका जिन्यात होते. बोटं नंतर बराच वेळ बधिर राहिली, पण त्या क्षणी मी त्यांचा विचारच केला नाही.

उरलेला डबा एकच. खिडकीतून बायको बघत होती. तिनं पडदा सोडला. मग मात्र मी ताठा सोडला आणि एसीवाल्याला फोन केला.

या एसीवाल्याला सगळे थंडोबा म्हणतात, आणि ते त्याच्या धंद्यावरून नव्हे. त्याला "कधी येता?" विचारलं तर "होईल," "काय बिघडलंय?" विचारलं तरी "होईल." तो दुपारी उगवला, चाकाला टेकून बसला आणि आधी स्वतःची कीर्ती सांगू लागला. त्यानं एसी केलेल्या एका टेम्पोत माणसाला भर उन्हाळ्यात सर्दी झाली होती. दुसऱ्या एका गाडीतल्या बाईंनी त्याला शिव्या देत गाडी परत आणली होती, त्यांचे दात वाजत होते म्हणून. ही त्याची प्रशस्तिपत्रं.

"एलला भरायचं," तो शेवटी म्हणाला. "एच म्हणजे हाय, जास्त दाबाची बाजू. तिथं बसली असती ना नळी, डबा तुमच्या हातात फुटला असता."

काकांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं आणि पुलांच्या बाबतीत असं होत नसल्याचं सांगितलं. थंडोबानं इंजिन चालू करायला लावलं, एसी पूर्ण सोडायला लावला, आणि नळी लावून डबा पालथा-उताणा करत इतक्या संथपणे गॅस सोडू लागला की मधे त्याचा डोळा लागला असं मला वाटलं. इंजिन धडधडत होतं. काही होत नव्हतं. डबा संपत आला. मी गॅसवर.

आणि मग आतून कुठूनतरी आवाज आला. टक्. एवढासाच. इंजिनानं एक सुस्कारा टाकला, आवाज जरा जड झाला, आणि माझ्यासमोरच्या एका नळीला घाम फुटला. एरवी कोरडीठाक असलेली ती काळपट नळी क्षणात ओलीगार झाली, थेंब धरले, थेंब ओघळले. ज्या इंजिनावर हात ठेवला तर कातडी सोलून निघेल, त्याच्याच पोटात, वीतभर अंतरावर, गारवा तयार होत होता! आगीच्या शेजारी बसून. मला माणसांच्या डोक्याचं इतकं नवल वाटलं की डोळे भरून आले. "झालं," थंडोबा म्हणाला. त्यानं "होईल" सोडून काही बोललेलं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सेक्रेटरींनी केबिनमध्ये मान घातली, ती बराच वेळ काढली नाही. "गॅस थंड आहे होय?" ते आतूनच म्हणाले. "मग तसं लिहायचं ना निवेदनात."

शनिवारी निघताना खरी अडचण लक्षात आली. पिकअपला सीट एकच, सलग. चालवणार बायको. मधे मशीन, फळीवर, पट्ट्यांनी बांधलेलं. त्याला धरायला दुसऱ्या बाजूला कुणीतरी हवं.

"मी धरते," सासूबाई म्हणाल्या. "मला त्या मशीनची सवय आहे."

ज्या माणसानं त्या एसीसाठी आभाळापासून अग्निशमन केंद्रापर्यंत तोंड दिलं, त्याची जागा मागं, उघड्या हौद्यात, रिकाम्या खोक्यांच्या मधे निघाली. बायकोनं मला छत्री दिली. तिची एक काडी मोडकी होती. गाडी सुरू झाली आणि मागच्या काचेतून मी बघत राहिलो. सासूबाईंनी स्वेटर घातला. थोड्या वेळानं बायकोनं सिग्नलला थांबून शाल घेतली. पत्रा असा तापला होता की मी एकेक पाय उचलून बसत होतो, छत्री उलटी झाली होती, आणि काचेपलीकडे, हातभर अंतरावर, त्या दोघी कुडकुडत होत्या. मी काचेला गाल लावला. गार! मग काचेवर दव धरलं आणि मला काहीच दिसेना.

प्रदर्शनाच्या सभागृहाशी पोचलो तर दारातच गोंधळ. सभागृहातली थंड हवेची यंत्रं सकाळपासून बंद पडली होती. आत टेबलांवर माणसं वहीच्या पुठ्ठ्यानं आपापल्या कलाकृतींना वारा घालत होती. एका हंसानं मान खाली टाकली होती. एका किल्ल्याचा बुरूज हळूहळू खंदकात उतरत होता, आणि त्याचा कर्ता हताशपणे त्याच्याकडे बघत होता.

बायको दार उघडायला गेली आणि थांबली. "इथं बाहेर काढलं तर याला घाम फुटेल," ती म्हणाली. "चकाकी जाईल. मग वितळेल." तिचा आवाज अगदी शांत होता.

मी संयोजकांकडे धावलो. "कलाकृती टेबलावरच हवी," संयोजक म्हणाले. "नियम आहे."

"टेबल गाडीत नेता येत नाही हो!"

"मग गाडी टेबलावर आणा," ते म्हणाले आणि कपाळ पुसत पंखा शोधायला निघाले.

तेवढ्यात मुख्य परीक्षक बाहेर आले. एका मोठ्या बेकरीचे ते प्रमुख. देह प्रशस्त, सदरा पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद. मी त्यांच्यापुढे हात जोडले. काय बोललो ते आठवत नाही, पण "आत गार आहे" हे शब्द त्यात असावेत, कारण ते थबकले. "एक मिनिट बघतो," असं म्हणून त्यांनी चालकाच्या बाजूचं दार उघडलं, आत शिरले आणि दार ओढून घेतलं.

इंजिन चालूच ठेवून बायको माझ्याशेजारी उन्हात उभी होती. काचेवर दव. आतलं काही दिसत नव्हतं. एक मिनिट गेलं, मग बरीच गेली. तिनं माझी बाही धरली होती, ती कधी धरली ते मला कळलं नाही. मग दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तिनं काच पुसली आणि मधे गोल खिडकी झाली. त्यातून दिसलं: त्या एवढ्या मोठ्या माणसाचं जाडजूड बोट चॉकलेटच्या चाकावर होतं. ते हळूच फिरत होतं. सुई खाली गेली, वर आली. सासूबाई त्यांना काहीतरी सांगत होत्या, कापड कसं सरकवायचं ते हातानं दाखवत होत्या. आणि परीक्षकांचं तोंड उघडं होतं! माझं असतं तसंच, माशी जाईल इतकं. इतक्या वर्षांत मला वाटायचं की तसं तोंड जगात माझं एकट्याचंच आहे.

बाहेर येताना त्यांनी दार पटकन लावलं, गारवा जाऊ नये म्हणून. मग संयोजकांच्या हातातली टेबलाच्या क्रमांकाची पाटी घेतली आणि स्वतः बॉनेटवर चिकटवली. "हे टेबल," ते म्हणाले. बाकीचे परीक्षक एकेक करून आत गेले. प्रत्येकाला बाहेर काढायला काच वाजवावी लागली.

पहिलं बक्षीस तिला मिळालं. भोंग्यावर तिचं नाव पुकारलं तेव्हा ती जागची हललीच नाही. "अगं, जा ना," मी म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली, तोंड उघडं टाकून. मी माशी शोधल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. तशी ती हसली, रडली आणि धावत गेली.

ती करंडक घेऊन परतली आणि म्हणाली, "या, आता तुम्ही बसा आत." आम्ही तिघं त्या सीटवर कसेबसे मावलो, मशीन मांडीवर. आणि तो वारा माझ्या तोंडावर आला. काय सांगू! मी डोळे मिटले. मग वाटलं, आणखी थोडा मिळेल का, म्हणून बटणाला हात लावला. बटण अलगद माझ्या हातात आलं. हिरवा दिवा गेला. आतून काहीतरी टक् झालं आणि जाळीतून इंजिनाची ती जुनी, ओळखीची ऊब आली.

मशीनच्या चाकाच्या कडेवर चॉकलेटचा एक थेंब जमला आणि माझ्या विजारीवर पडला. मी बायकोकडे बघायला धजेना. "मी... ते आपोआप..." मी सुरुवात केली.

तिनं हात पुढं केला, चाक मोडलं आणि आईपुढं धरलं. "घे, आई. आता कुणाला दाखवायचं नाहीये."

सासूबाईंनी ते हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं. त्यांच्या बोटांना चॉकलेट लागलं होतं.

"जन्मभर या मशीननंच खायला घातलं बाई आपल्याला," त्या म्हणाल्या, आणि चावा घेतला.